गच्चीवरचं फॉक्स रिव्हर

१७ मे, रात्रीचा दीड

झोप येत नाहीये. उकाडा आहेच, संध्याकाळी दोन बादल्या पाणी मारलं तरी गच्ची अजून कोमट लागतीय, पण उकाड्याची सवय आहे आपल्याला. आज ‘प्रिझन ब्रेक’ मालिकेतला बेलिक मेला म्हणून झोप येत नाहीये.

प्रिझन ब्रेक मी पहिल्यांदा बघितलं ते डिप्लोमाला असताना, मैत्रिणीच्या हार्डडिस्कवरनं, आणि तेव्हा सगळं लक्ष एकाच गोष्टीत की हा मायकल स्कोफिल्ड भावाला फॉक्स रिव्हर जेलमधनं बाहेर काढतो कसा. स्वतः स्ट्रक्चरल इंजिनिअर, त्याच्याच फर्मने त्या जेलच्या दुरुस्तीचं काम केलेलं, म्हणून अख्ख्या फॉक्स रिव्हरचं ड्रॉइंग अंगावर गोंदवून आत जातो. आम्ही सिव्हिलच्या पोरी, आम्हाला तर तो देवच वाटायचा. आता परत बघतीय ते दादासोबत. मागच्या मे महिन्यात माहेरी आले तेव्हा पहिले दोन सीझन झाले, दिवाळीत तिसरा (तो तेरा भागांचाच आहे, तेव्हा तिकडे लेखकांचा संप झाला होता), आणि आता चौथा चालूय. पोरं झोपली की गच्चीवर मोबाइल पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवायचा. दादाला इंग्लिश भरभर कळत नाही, मग मी पॉज करून सांगते, त्यामुळे एकेक भाग दीड तास चालतो.

पण पॉज करत बघितल्यामुळेच असेल, ह्या वेळी मला प्लॅन दिसतच नाही, माणसंच दिसतात. मायकलचा प्लॅन एका माणसासाठी होता, भावासाठी, लिंकनसाठी. भिंतीबाहेर पडले आठ. आणि त्या आठांमागे किती जण भरडले गेले. सारा घ्या, जेलची डॉक्टर, गव्हर्नरची पोरगी, मॉर्फिनच्या नादातनं मोठ्या कष्टाने सुटलेली, ती त्या रात्री दवाखान्याचं दार उघडं ठेवते आणि घरी जाऊन परत तीच सुई टोचून घेते. कॉलेजात असताना मला फक्त दार उघडं राहिल्याचा आनंद झाला होता. आता ते घरातलं दृश्य बघवत नाही. मायकललाही ते कळत जातं, दुसऱ्या सीझनमध्ये तो चर्चमध्ये जाऊन कबुली देतो, तिथे त्याचा चेहरा बघा, पहिल्या सीझनचा तो थंड हिशोबी पोरगा संपलेला असतो. लोक म्हणतात दुसऱ्या सीझननंतर मालिका घसरली. गोष्ट घसरली, हे मान्य, ते सिला (खलनायक कंपनीचं गुपित, ज्याच्यामागे सगळे धावतात) वगैरे मलाही झेपलं नाही. माणसं मात्र घसरली नाहीत.

पळालेल्या आठांतला सी-नोट दादाला फार आवडतो. लष्करात होता, कैद्यांचे हाल वरच्यांना सांगितले म्हणून यालाच काढलं. बाहेर पडल्यावर पोरगी आजारी पडते तर तो स्वतःच पोलिसांच्या हवाली होतो, पोरीला दवाखाना मिळावा म्हणून. दादा म्हणाला, ‘मग काय, बापाला दुसरं काय करता येतंय.’ त्याच आठांतला टी-बॅग मात्र शेवटपर्यंत टी-बॅगच. मधे मधे त्याला चांगलं वागावंसं वाटतं, आपल्यालाही वाटतं की आता सुधारला, आणि तो परत खाली. मला ते खरं वाटतं. सगळेच सुधारले असते तर मी ही मालिका दुसऱ्यांदा बघितली नसती.

आणि लिंकनचे ते नव्वद हजार डॉलर. आईच्या विम्याचे पैसे आहेत असं सांगून त्याने मायकलला दिले आणि प्रत्यक्षात ते कर्ज होतं, त्यातनंच तो अडकत गेला. मायकलला हे कळतं तेव्हा भाऊ जेलमध्ये, विजेच्या खुर्चीवर बसवायची तारीख ठरलेली. तो भाग मागच्या वर्षी इथेच बघितला. मी पॉज करून सांगायला लागले तर दादा म्हणाला, ‘कळलं मला.’ दोघंही गप्प. माझ्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची फी दादाने मालकाकडनं उचल घेऊन भरली होती आणि ती फेडायला दोन वर्षं रात्रपाळी केली मागावर, हे मला लग्नानंतर वहिनीने सांगितलं. दादाने आजपर्यंत नाही. त्या रात्री विचारावं असं फार वाटलं होतं. नाही विचारलं.

तर बेलिक. पहिल्या सीझनमध्ये मला त्याची किळस यायची. गार्डांचा कॅप्टन, पैसे खाणारा, कैद्यांना छळणारा, आणि घरी आईसोबत राहणारा. मग नोकरी जाते, पैशामागे धावतो, स्वतःच्याच जेलमध्ये कैदी होतो, पुढे पनामातल्या सोना नावाच्या जेलमध्ये तर अंगावर धड कपडे नाहीत आणि लोकांची घाण काढतोय. त्याला कुणी उपदेश केलेला नाही, कुठला साक्षात्कार नाही, तो नुसता एकेक पायरी उतरत जातो आणि जिथे दुसऱ्यांना ठेवत होता तिथे स्वतः राहून बघतो. चौथ्या सीझनला तो मायकलच्या लोकांत येतो तेव्हा जरा घाईच केलीय लिहिणाऱ्यांनी, एवढ्या लवकर ह्यांनी त्याला जवळ केलं नसतं. पण आजचा भाग. पाण्याच्या मोठ्या मेनलाइनमध्ये आडवा पाइप टाकायचाय, तो बसत नाही, आणि पाणी सुटायची वेळ झालीय. बेलिक आत उतरतो, पाइप उचलून धरतो, आणि बाहेर येत नाही. मायकलचा कोठडीतला जोडीदार सुक्रे वरनं ओरडतोय. तोच सुक्रे ज्याला ह्याने फॉक्स रिव्हरमध्ये त्रास दिला होता.

मी आधी बघितलेलं होतं, तरी रडले. दादाला काही सांगावं लागलं नाही, ह्या सीनला पॉज केलंच नाही. खाली गल्लीत कुणाच्या तरी घरी माग चालू होता, खडखड ऐकू येत होती. बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, ‘त्याच्या आईला कोण सांगणार गं आता?’

पुढचा भाग लावू का विचारलं तर नको म्हणाला, उद्या बघू. सकाळी पाचला पाणी येणार आहे, त्याने मोटरचा गजर लावला आणि कूस बदलली. झोपलेला नाहीये पण, मघापासनं दोनदा उठून पाणी प्यायला.