गादीवरचा लॅपटॉप

मे महिन्यात नागपूरला बहिणीकडे गेलो असता भाच्याने आपला गेमिंग लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला. "मामा, गेम सुरू केला की पाच मिनिटं नीट चालतो, मग नुसता अडखळतो," असे त्याचे म्हणणे होते. इंटेलचा कोअर आय७-१०७५०एच हा सहा कोअरचा प्रोसेसर असलेले ते यंत्र चार वर्षे वापरलेले होते, आणि दुकानदाराने नवीन घेण्याचा सल्ला दिल्यामुळे घरात तशी चर्चाही सुरू झाली होती. मला तो सल्ला पटला नाही. क्षमतेने कमी पडणारे यंत्र पहिल्या मिनिटापासूनच कमी पडते. पाच मिनिटांनी मंदावत असेल, तर पहिला संशय उष्णतेवर घ्यावा.

यंत्र उघडण्यापूर्वी प्रोसेसरचे तापमान आणि वेग दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर सुरू ठेवून मी त्याला गेम खेळायला सांगितले. सुरुवातीला प्रोसेसर 3.9 गिगाहर्ट्झने चालत होता. तापमान 98 अंशांवर पोहोचताच तो वेग 2 गिगाहर्ट्झच्याही खाली घसरला. या प्रोसेसरची तापमानमर्यादा 100 अंश सेल्सिअस आणि मूळ वेग 2.6 गिगाहर्ट्झ आहे. म्हणजे स्वतःला वाचवण्यासाठी तो मूळ वेगाच्याही खाली उतरत होता. खोलीतले तापमान तेव्हा 38 अंश होते, आणि पंखा आत ओढतो ती हवाच इतकी तापलेली असेल तर आतले तापमानही जवळपास तेवढ्याच अंशांनी वर सरकते. तरीही एवढ्या घसरणीचे खापर एकट्या उन्हाळ्यावर फोडता येत नव्हते.

लॅपटॉप बंद करून मागचे झाकण काढले आणि सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवली. वरवर पाहता आत फारशी धूळ दिसत नव्हती, आणि नेमकी इथेच अनेकांची फसगत होते. पंखा सोडवून बाजूला घेतल्यावर, तो आणि तांब्याच्या पातळ पत्र्यांची जाळी यांच्यामध्ये करड्या रंगाचा एक जाड थर आढळला. चिमट्याने ओढल्यावर तो अखंड पट्टीसारखा बाहेर आला. त्यात धुळीपेक्षा कापसाचे तंतूच अधिक होते. भाचा रोज पलंगावर, गादीवर लॅपटॉप ठेवून खेळत असे. त्यामुळे खालची छिद्रे दबून हवा अडत होती आणि चादरीचे तंतू चार वर्षे आत ओढले जात होते. जाळी मऊ ब्रशने साफ केली. पंख्यावर हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण जोराच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग बिघडू शकते.

चिपची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे ती उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाकडे, पोहोचवणारी थर्मल पेस्टही वाळून कडक झाली होती. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ 1, 2, 3 असे आकडे कोरलेले असतात. आवळताना तोच क्रम पाळला आणि प्रत्येक स्क्रू थोडा थोडा आवळला, म्हणजे चिपवर एका बाजूने ताण येत नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन पेस्ट संपूर्ण चिपवर पातळ पसरवली. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर बहुधा धातूचे झाकण असते, लॅपटॉपमध्ये चिप उघडीच असते. त्यामुळे कोपरा कोरडा राहिलेला चालत नाही. ग्राफिक्सच्या मेमरीवरचे मऊ थर्मल पॅड शाबूत होते, म्हणून त्यांना हात लावला नाही. ते बदलायचेच झाले तर त्याच जाडीचे लागतात, नाहीतर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही.

त्याच खोलीत, टेबलावर ठेवून पुन्हा मोजले तेव्हा तापमान 86 अंशांपर्यंत गेले आणि वेग 3.4 गिगाहर्ट्झच्या आसपास स्थिर राहिला. ग्राफिक्स चिपही निवली, कारण या यंत्रात दोन्ही चिपांची उष्णता त्याच तांब्याच्या नळ्यांतून वाहून नेली जाते. भर दुपारी खेळायचे असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' 100 ऐवजी 99 टक्के करायला मी त्याला शिकवले. त्यामुळे टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर जाण्याची प्रोसेसरची सोय, बंद होऊन प्रोसेसर मूळ वेगावर राहतो, आणि ग्राफिक्सवरच भार असलेल्या त्याच्या गेममध्ये फरक जवळजवळ जाणवत नाही.

बहिणीने बैठकीतले छोटे टेबल त्याच्या खोलीत हलवले आहे. ते कूलरच्या थेट झोतापासून थोडे बाजूला ठेवायला मी सांगितले, म्हणजे खोलीतला गारवा मिळेल पण पाण्याचे तुषार यंत्रावर उडणार नाहीत.