माती कोण उचलणार?

इंग्लंडमध्ये क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे बांधकामाचा खर्च आणि कंत्राटं सांभाळणारी, म्हणून रुजू झाले तेव्हा माझी कंत्राटी इंग्रजी फार झोकदार होती. ‘शॅल’, ‘फोर्थविथ’, ‘नॉटविथस्टँडिंग’ यांच्याशिवाय कलम सुचायचंच नाही. अर्धं पान झालं तरी पूर्णविराम येत नसे, आणि मला त्याचा अभिमानही होता. पहिल्याच महिन्यात वरिष्ठांनी माझा एक मसुदा पुढ्यात ठेवला आणि विचारलं, “हे साइटवरच्या फोरमनला वाचून दाखवलंस, तर सोमवारी सकाळी काय करायचं ते त्याला कळेल?” मी मुकाट्याने मसुदा उचलला आणि जागेवर जाऊन बसले.

इथे मोठ्या सार्वजनिक कामांत एनईसी नावाचं छापील कंत्राट खूप चालतं. पहिली आवृत्ती १९९३ची, सध्याची चौथी २०१७ची. त्याची गंमत म्हणजे ते जवळजवळ सगळं वर्तमानकाळात लिहिलेलं आहे. कंत्राटदार अमुक करतो, प्रोजेक्ट मॅनेजर तमुक कळवतो. ‘शॅल’चा, म्हणजे ‘केलंच पाहिजे’चा, मागमूस नाही. मला ते आधी पहिलीतल्या धड्यासारखं वाटलं होतं. पण सोपी भाषा वापरली की वाद मिटले, असंही नाही. २०१०च्या एका निकालात इथल्या न्यायाधीशांनी बोलून दाखवलं होतं की, कलमांमधल्या या सर्रास वर्तमानकाळामुळे अर्थ लावणं काही सोपं होत नाही. ‘करतो’ म्हणजे करायलाच हवं, की आपलं सहसा करतो? हा प्रश्न मराठीतही पडेलच.

तरीही माझी खरी खोड लांब वाक्यांची नव्हती. ती कळली एका पायाभरणीच्या कामात. खोदाईचं काम सब-कॉन्ट्रॅक्टरला द्यायचं होतं. मी लिहिलं होतं, ‘खोदलेल्या मातीची योग्य ती विल्हेवाट लावली जाईल.’ दिसायला किती सभ्य वाक्य! ऑफिसने तेव्हा नुकतंच कंत्राट तपासणारं एक एआय टूल घेतलं होतं. त्यात मसुदा टाकला, तर या ओळीशेजारी तीन प्रश्न उमटले. विल्हेवाट कोण लावणार? माती कुठे जाणार? ती दूषित निघाली तर जादा खर्च कोणाचा?

शेवटचा प्रश्न इथे भलताच महाग आहे. कचराभूमीत टाकलेल्या टनामागे सरकार कर घेतं आणि त्याचे दोन दर आहेत. स्वच्छ, निष्क्रिय मातीला कमी दर, बाकीच्या कचऱ्याला पूर्ण दर. २०२५ साली या दोन दरांत साधारण तीसपट फरक होता. म्हणजे जागेखाली कधीकाळचा राडारोडा, डांबर किंवा तेल मुरलेली माती निघाली, तर त्याच खड्ड्याचा हिशोब पार बदलतो. आणि माझ्या वाक्यात ती माती उचलणारा माणूसच नव्हता.

शाळेत कर्तरी आणि कर्मणी प्रयोग घोकले होते, ते असे उपयोगी पडतील असं वाटलं नव्हतं. ‘लावली जाईल’, ‘पुरवले जाईल’, ‘दुरुस्त करून घेतले जाईल’. या सगळ्या वाक्यांत कर्ता पडद्याआड असतो, आणि भांडण नेमकं त्याच्याच नावावरून होतं. आता मी प्रत्येक इंग्रजी कलम मनात मराठीत म्हणून बघते. वाक्याची सुरुवात माणसाच्या किंवा कंपनीच्या नावाने करता आली नाही, तर कलम अर्धवट आहे असं समजते. ऑफिसात हे कोणाला सांगत नाही, पण टूलच्या आधीची माझी पहिली चाळणी हीच.

टूलचं खरं काम दिसतं ते कंटाळवाण्या ठिकाणी. कागदपत्रांचा गठ्ठा मोठा असतो: मूळ अटी, आपण घातलेल्या जादा अटी (एनईसीवाले त्यांना ‘झेड क्लॉज’ म्हणतात), स्पेसिफिकेशन, ड्रॉइंगच्या याद्या. चौथ्या वाचनात माणसाचे डोळे नुसते फिरतात. टूल मात्र सांगतं की, कलम बारा ज्या कलमाचा हवाला देतं ते तुम्ही मागच्या आवृत्तीत काढून टाकलंय. ‘पूर्णत्व’ हा शब्द तीन ठिकाणी आहे पण व्याख्या कुठेच नाही. मूळ अटीत नोटिशीला आठ आठवडे आहेत आणि तुमच्या झेड क्लॉजमध्ये चारच. हे शेवटचं फार नाजूक, कारण एनईसीत कंत्राटदाराने वेळेत कळवलं नाही, तर त्याचा जादा पैशांचा आणि मुदतीचा हक्कच जाऊ शकतो. चार की आठ, हे संदिग्ध ठेवणं म्हणजे भांडणाला घरी बोलावणं.

अशा विसंगतीची किंमत काय होऊ शकते त्याचं इथलं गाजलेलं उदाहरण म्हणजे रॉबिन रिग, सॉलवे फर्थच्या समुद्रातला पवनचक्क्यांचा प्रकल्प. पायांचं (फाउंडेशनचं) डिझाइन एका आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे करायचं, असं कंत्राटात होतं. त्या मानकातल्या एका सूत्रात सुमारे दहापट चूक निघाली आणि पायांचे सांधे घसरू लागले. कंत्राटदाराने तर मानक पाळलं होतं! पण तांत्रिक कागदांच्या आत एका छोट्या उपकलमात पायांना वीस वर्षांचं आयुष्य असावं, असंही लिहिलेलं होतं. २०१७ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते उपकलम ग्राह्य धरलं आणि दुरुस्तीचे २ कोटी ६० लाखांहून अधिक युरो कंत्राटदाराच्या माथी आले. मला वाटतं, आजचं टूल त्या दोन अटींवर एकाच वेळी बोट ठेवेल. त्यातली कोणती भारी आणि तो धोका कोणी पत्करायचा, हे मात्र सही करण्याआधी माणसांनीच बसून ठरवायला हवं होतं.

टूलच्या खोड्याही आहेत. एकदा त्याने माझ्या एका कलमातल्या ‘दिवस’ शब्दाच्या जागी ‘कामाचे दिवस’ सुचवले. ऐकायला शहाणपणाचं. पण १९९६च्या इथल्या बांधकाम कायद्याची मोजणी वेगळी आहे: त्यात शनिवार-रविवार धरतात, आणि नाताळ, गुड फ्रायडे व बँक हॉलिडे (इथल्या सार्वजनिक सुट्ट्या) वगळतात. एकाच कलमात तो बदल स्वीकारला असता, तर एकाच कंत्राटात दोन कॅलेंडरं झाली असती. आणखी एकदा त्याने मुद्दाम ढिला ठेवलेला शब्द ‘घट्ट’ करून दिला. त्या ढिलाईवर आमची दोन तास चर्चा झाली होती, हे त्याला कोण सांगणार? निकालांचे दाखले तर मी त्याच्याकडून घेतच नाही. जून २०२५मध्ये लंडनच्या हायकोर्टाने, एआयने रचलेले खोटे खटले कोर्टापुढे मांडणाऱ्या वकिलांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. आणि ग्राहकाचे दर असलेला कागद कुठल्याही फुकटच्या चॅटमध्ये चिकटवायचा नाही, हा आमच्याकडे साधा नियम आहे.

तर त्या खोदाईच्या कंत्राटाकडे परत. माती सब-कॉन्ट्रॅक्टर उचलेल, चाचणीत दूषित निघाली तर जादा खर्च आमचा, चाचणी कोण करणार आणि किती दिवसांत, हे सगळं चार छोट्या वाक्यांत मांडलं. टूलने पुन्हा तपासलं. एकही शेरा नाही. मी खुशीत मीटिंगला गेले.

सब-कॉन्ट्रॅक्टरचा फोरमन सोबत आला होता. त्याने कागद शांतपणे वाचले. मग शेवटचं पान उलटं करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “मी काल साइटवर जाऊन आलो. उत्तरेच्या कोपऱ्यात पाणी साचतं. उपसायला पंप कोणाचा?”

पाण्याचा उल्लेख आमच्या एकाही ड्रॉइंगमध्ये नव्हता. मी पेन काढलं आणि पाचवं वाक्य लिहायला घेतलं.