'ट्रायल बाय ज्युरी': चाळीस मिनिटांचा खटला
गिल्बर्ट (शब्द) आणि सलिव्हन (संगीत) या इंग्रज जोडीचं विनोदी ऑपेरा 'ट्रायल बाय ज्युरी' पहिल्यांदाच बघणार असाल, तर आधी संहिता वाचून घ्या. खेळ जेमतेम चाळीस मिनिटांचा, पण गद्य वाक्य एकही नाही. आपल्या संगीत नाटकात एखादं पद निसटलं तरी पुढच्या संवादात गोष्ट सापडते. इथे ती सोय नाही. २५ मार्च १८७५ रोजी लंडनच्या रॉयल्टी थिएटरमध्ये हे प्रथम झालं. गिल्बर्टने काही वर्षं वकिली केली होती. अशील फारसे मिळाले नाहीत, कोर्ट मात्र बारकाईने बघून झालं.

दावा लग्नाचं वचन मोडल्याचा. (इंग्लंडमध्ये १९७० च्या कायद्याने असे दावे बंद झाले.) एडविनचं मन दुसरीवर गेलं, म्हणून अँजेलिना नुकसानभरपाई मागते. गंमत अशी की कामकाज अगदी रीतसर चालतं आणि माणूस एकही सरळ नाही. पट्टेवाला ज्युरीला निःपक्षपाती राहायला बजावतो आणि त्याच दमात सांगतो, वादीचा चेहरा बघा, प्रतिवादी काय बोलतो त्याकडे लक्ष देऊ नका! ज्युरीतले बाराजण कबूल करतात की तरुणपणी आम्हीही असलेच होतो. आता सभ्य झालोय, त्यामुळे एडविनची दया येत नाही.

न्यायाधीशाचं पद सर्वांत नीट ऐका. बॅरिस्टरांना खटले देणाऱ्या एका श्रीमंत सॉलिसिटरच्या वयस्क, कुरूप मुलीशी लग्न ठरवून त्याने कामं मिळवली, पैसा आल्यावर तिला सोडलं, आणि आता तो नेमक्या त्याच गुन्ह्याचा निवाडा करायला बसलाय. त्याची प्रेमाची चिठ्ठी आधी वादीच्या करवलीकडे जाते. वादी आत येताच तीच चिठ्ठी परत मागवून तिच्याकडे पाठवली जाते. इथे नजर गायकावर नको, चिठ्ठीवर ठेवा.

कायद्याचा खरा मासला भरपाईच्या झगड्यात आहे. रक्कम वाढावी म्हणून अँजेलिना एडविनवरचं प्रेम ओरडून सांगते. कमी व्हावी म्हणून तो सांगतो, मी दारुडा, हिला मारहाणच करीन. न्यायाधीश म्हणतो, मग पाजून बघू या की! एडविन सोडून सगळ्यांचा विरोध. त्याआधी एडविन आज हिच्याशी आणि उद्या तिच्याशी लग्न करायला तयार होतो, तेव्हा 'पेच मोठा' म्हणत सगळे जे गातात त्यात सलिव्हनने इटालियन ऑपेराची हुबेहूब नक्कल केलीये. विनोद असा की संगीत खरोखरच सुंदर आहे.

प्रयोग फसतो तो बहुधा न्यायाधीश विदूषकी करायला लागला की. तोंडं वाकडी केली, विग घसरवला, की पदातले शब्द हरवतात आणि हशा विगला मिळतो. गिल्बर्टची पात्रं स्वतःला अत्यंत गंभीर समजतात. न्यायाधीशाने शेवटी 'हिच्याशी मीच लग्न करतो' हा निकाल दिवाणी हुकूमनाम्याच्या थाटात द्यायला हवा. ध्वनिमुद्रण निवडताना न्यायाधीशाचं ते पद आधी लावून बघा. शब्द न् शब्द कळत नसेल तर दुसरं घ्या.