फिन, नोंद सहावी: दा लातचं उकळतं पाणी

मागच्या नोंदीत मी रडगाणं गायलं होतं की माझ्या फिनमधून, म्हणजे व्हिएतनामी कॉफी फिल्टरमधून, कॉफी एकतर दोन मिनिटांत धो धो खाली येते, नाहीतर अर्धा तास एकच थेंब लोंबकळत राहतो. यावेळी व्हिएतनामलाच जाऊन आलोय, त्यामुळे नोंद थोडी लांबेल.

नव्याने आलेल्यांसाठी: कपावर बसणारी ताटली, तिच्यावर बुडाला बारीक भोकं असलेला छोटा डबा, आत पावडरीवर ठेवायची चकती आणि वर झाकण. एवढाच फिन. कागद नाही, काही नाही. साउथ इंडियन फिल्टरचा एकटा राहणारा धाकटा भाऊ म्हणा.

दा लात हे लाम डोंग प्रांतातलं फ्रेंचांनी वसवलेलं थंड हवेचं ठिकाण, उंची साधारण १५०० मीटर. धुकं, पाइन आणि चक्क स्ट्रॉबेरी, त्यामुळे घरच्यांना महाबळेश्वरला आल्यासारखंच वाटलं. त्यांना बाजारात सोडून मी एका गल्लीतलं पाच टेबलांचं कॉफीचं दुकान गाठलं. गेलो होतो जवळच्या काउ दात भागातल्या अरेबिका जातीच्या कॉफीसाठी. तिथल्या टेकड्यांवरचा अरेबिका नावाजलेला आहे. व्ही-६० वर (शंकूसारख्या कागदी फिल्टरमधून) करून दिला, स्वच्छ होता, चांगला होता. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

काउंटरमागच्या मुलीने मग फोनवरून भाषांतर करत विचारलं, रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी मोठी जात, पिणार का? माझं तोंड तिला दिसलं असावं, कारण ती हसली. आपल्यापैकी बऱ्याच जणांना रोबस्टा म्हणजे इन्स्टंटच्या डब्यातला माल वाटतो. खरं तर व्हिएतनामचं ९० टक्क्यांहून जास्त पीक रोबस्टाच आहे आणि आपल्याकडेही साधारण ७० टक्के तोच. व्हिएतनामच्या रस्त्यावरच्या दुकानांत तो काळाकुट्ट भाजतात, कधी भाजताना लोणी-साखरही घालतात आणि खाली कंडेन्स्ड मिल्क असतं, कारण ही पद्धत रुळली तेव्हा तिथे ताजं दूध दुर्मीळ होतं. इथे मात्र फक्त पिकलेली फळं वेचलेला, मध्यम भाजलेला, बिनदुधाचा. पहिल्या घोटाला भाजलेले शेंगदाणे, मग काळा गूळ, आणि कडूपणा अगदी शेवटी, तोही जिभेच्या मागच्या टोकाला. सोबत बर्फ घातलेला फुकटचा चहा आला. कॉफीवर चहा! पण तोंड धुऊन निघतं, पुढचा घोट पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

तिची कृती वहीत उतरवून घेतली. फिनवर आधी गरम पाणी. १८ ग्रॅम पावडर, डबा हलकेच आपटून सपाट. चकती नुसती ठेवायची, दाबायची नाही (मी गेले चार महिने कुकरचं झाकण लावल्यासारखा दाबत होतो). ३० मिलि पाणी, अर्धा मिनिट थांबायचं, मग ९० मिलि. पाच मिनिटांत खेळ खलास. पाणी किती गरम, विचारलं तर म्हणाली, उकळतं. किटली शेगडीवरून उचलून थेट ओतली होती, मी बघितलंच होतं.

तिथलीच २५० ग्रॅमची पिशवी घेऊन ठाण्याला परत. तीच पावडर, तोच वजनकाटा, चकती न दाबता. आईने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. “अरे, हा काढा आहे. थोडा गूळ तरी टाक.”

तीन दिवस दळण्यावर संशय घेतला. ग्राइंडर दोन क्लिक जाड केला तर कॉफी पातळ झाली आणि कडू ती कडूच. चौथ्या दिवशी भात शिजत असताना कुकरकडे बघून ट्यूब पेटली. १५०० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं! तिचं ‘उकळतं’ आणि माझं ‘उकळतं’ यांत पाच अंशांचा फरक. त्यात दा लातच्या गारठ्यात फिनचा पातळ पत्रा पटकन निवतो, आमच्या स्वयंपाकघरात पारा ३२ वर.

आता किटली उकळली की झाकण उघडून ठेवतो आणि थर्मामीटरने ९३ दिसल्यावर ओततो. दळण मूळ क्लिकवर परत आणलं. शेंगदाणे आले, गूळही थोडा आला. आईने पूर्ण कप संपवला, पण जायफळ किसून.

अडचण अजून एक आहे. माझ्याकडे थेंब थांबायला सात मिनिटं लागतात, पाच नाही. माझ्या फिनची भोकं बारीक आहेत की ग्राइंडर जास्त भुगा काढतोय, हे कळायला पावडर चाळून बघणार आहे. पिशवीत ९० ग्रॅम उरलेत, म्हणजे पाच फिन. त्यानंतर हीच कृती कूर्गच्या रोबस्टावर.