हँडीकॅम घेऊन माउलींच्या रिंगणाला

रिंगणात घोडा सुटला की समोरचे सगळे हात एकदम वर जातात आणि प्रत्येक हातात मोबाईल असतो. तुम्ही पाचव्या-सहाव्या रांगेत असाल तर घोडा तुम्हाला दिसणार तो दुसऱ्याच्या स्क्रीनवर, तोही गदागदा हलणारा. यावर मी मनसोक्त चिडलो असतो, पण माझ्याही हातात हँडीकॅम, म्हणजे छोटा व्हिडिओ कॅमेरा, होता, मग कुठल्या तोंडानं बोलणार? तरी फरक आहे हो. तोच सांगायला बसलोय.

आमच्या सोसायटीतले एक काका दरवर्षी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालतात, रथामागच्या एका दिंडीत. गेली दोन-चार वर्षं त्यांचा आग्रह चालला होता, तुमचा तो क्यामेरा घेऊन या एकदा, आमच्या दिंडीचं नीट शूटिंग कुणाकडंच नाही, जे आहे ते मोबाईलवर तुकडे तुकडे. आळंदी ते पंढरपूर चालणं आपल्या गुडघ्यांना झेपणारं नाही हे मी आधीच सांगून टाकलं, आणि फलटणला गाठ घालायची ठरलं. स्वारगेटवरून एसटीत उभ्यानं गेलो, त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही, ज्यांनी वारीच्या दिवसांत त्या रस्त्यानं प्रवास केलाय त्यांना माहितीय. फलटण, बरड, नातेपुते हे सगळं पायांना आलेले फोड आणि पिठलं-भाकरी यात गेलं. पिठलं मात्र उत्तम होतं, आणि बरडच्या पुढं ज्या घरानं ते वाढलं त्यांनी नावगाव काहीही न विचारता वाढलं. शहरात आपण वॉचमनला पाणी द्यायच्या आधी चार प्रश्न विचारतो.

आता कॅमेरा. आजकाल हँडीकॅम घेऊन हिंडणाऱ्याकडं लोक जरा कीव आल्यासारखे बघतात. मेव्हण्यानं निघताना विचारलंच, मोबाईल फोर-के काढतो मग हा डबा कशाला? उजेड बरा असेल आणि माणूस जवळ असेल तर मोबाईलचं चित्र या छोट्या हँडीकॅमपेक्षा सरस येतं हे मी मान्य करतो, कारण हँडीकॅममधला सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, नखाच्या टोकाएवढा असतो. पण तीस पट खरा भिंगाचा झूम, मुठीत बसणारा आकार, फिरवता येणारा स्क्रीन, आणि तासभर सलग रेकॉर्डिंग चालू असताना मधेच ‘कर्ज हवंय का’ म्हणून कुणाचा फोन येत नाही, एवढ्यासाठी मी तो सोडत नाही. आणि हो, डब्यावर मोठ्या अक्षरांत ३५० पट झूम वगैरे छापलेलं असतं ती डिजिटलची भानगड, मेन्यूत जाऊन पहिल्यांदा ती बंद करायची. ते म्हणजे चित्र नुसतं ताणून मोठं करणं, घोड्याच्या जागी चौकोन दिसतात.

बरडच्या रस्त्यावर पहिला झटका बसला. मी दिंडीच्या मधून चालत चालत शूट करत होतो, मधेच थांबत होतो, मागे वळत होतो, स्वतःला फारच भारी समजत होतो म्हणा ना. मागून एक टाळकरी आजोबा आले, सत्तरीच्या पुढचे असतील, टाळ न थांबवता म्हणाले, “माउली, एक तर चाला न्हाईतर कडंला हुभं ऱ्हाऊन काढा. मधी मधी थांबलं की मागचा येऊन आदळतोय.” एवढं बोलून गेलेसुद्धा पुढं.

कॅमकॉर्डरवरची इतकी माहिती मी वाचली, व्हिडिओ बघितले, पण इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. कारण हा कॅमेरा बॅटरीसकट पावशेर वजनाचा, हलका म्हणून लोक एका हातात धरून चालत सुटतात, आणि हलका असतो म्हणूनच तो जास्त थरथरतो. आतलं स्टेडीशॉट, म्हणजे चित्र स्थिर ठेवायची सोय, हाताची बारीक थरथर खातं, पावलांचे धक्के त्याला आवरत नाहीत. मग मी कडेला एका बाभळीला पाठ टेकून उभा राहिलो, डावा हात खालून कॅमेऱ्याला, दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवलेली, आणि दिंडीला समोरून जाऊ दिलं. पताका आल्या, मग तुळशीवाल्या बाया, मग टाळकरी चार-चारच्या ओळीनं, मधे पखवाज, शेवटी वीणा. कॅमेरा इंचभर हलला नाही आणि सगळी दिंडी चौकटीतून चालत गेली. आख्ख्या प्रवासातला तो माझा सगळ्यात आवडता शॉट आहे. एक शॉट किती वेळ धरायचा याला तिथंच एक माप सापडलं, रेकॉर्डचं बटण दाबलं की मनातल्या मनात ‘जय जय राम कृष्ण हरी’ सावकाश तीनदा म्हणायचं, तोवर हलायचं नाही. दहा-एक सेकंद होतात बरोबर. घरी येऊन एडिटिंगला बसल्यावर कळतं की पाच सेकंदांच्या आतला शॉट कुठं जोडताच येत नाही.

वारीत कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त छळतो तो पांढरा रंग. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि त्यात उन्हानं रापलेले चेहरे. ऑटोवर सोडलं तर कधी कपडे पांढरेफटक होऊन त्यातल्या सुरकुत्याच जातात, कधी ढग चौकटीत आला की चेहरे काळेठिक्कर. माझ्याकडच्या कॅमेऱ्यात स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावून एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ घ्यायचं ते, धरता येतं, बऱ्याच कॅमेऱ्यांत येतं, फक्त ते मेन्यूत तीन पायऱ्या खाली गाडून ठेवलेलं असतं. का ते त्यांचं त्यांना माहीत. मी ते चेहऱ्यावर लावून मग हलकंसं कमी करायचो, सदऱ्याच्या घड्या दिसायला लागेपर्यंत. आषाढात दर दहा मिनिटांनी ढग येतो-जातो त्यामुळं हे परत परत करावं लागतं, कंटाळा येतो.

आता रिंगण. नातेपुत्याहून माळशिरसला जाताना पुरंदावड्याला, म्हणजे सदाशिवनगरपाशी, माउलींच्या पालखीचं गोल रिंगण होतं. त्याच्या आधी लोणंदच्या पुढं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालेलं असतं, ते रस्त्यावरच, दोन्ही बाजूंना दिंड्या आणि मधून घोडे. इथं मात्र मोठं मैदान, मधे पालखी, तिच्याभोवती दिंड्या बसलेल्या, मग घोड्यांना धावायला मोकळी ठेवलेली गोल वाट, आणि वाटेच्या बाहेर जमलेली पंचक्रोशी. काकांच्या ओळखीनं दिंडीबरोबर आत बसता आलं असतं, पण चोपदारांनी आधी सगळ्या कॅमेरेवाल्यांना बाहेर काढलं आणि त्यांचं बरोबरच होतं, आम्ही लोक एकदा आत घुसलो की बसत नाही कुणाचं ऐकून.

म्हणून पाचवी-सहावी रांग. इथं फिरता स्क्रीन कामाला आला. मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची एकपायी काठी, पूर्ण उघडला, कॅमेरा डोक्यांच्या वर नेला, आणि स्क्रीन खाली वळवून खालून बघत राहिलो. मोबाईलवाल्यांचे हात दोन मिनिटांत दुखून खाली येतात, काठीवरचा कॅमेरा आरामात राहतो, शिवाय काठीचं वजन खाली असल्यामुळं कॅमेरा डुलतही नाही. मागच्या एका ताईंनी मात्र सांगितलं की तुमच्या काठीमुळं आम्हाला दिसत नाही. काठी केवढीशी! पण सरकलो बाजूला.

ज्यांना कुणाला रिंगण शूट करायचंय त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हे की घोडे पहिल्यांदा धावत नाहीत. आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस आणि हंडे घेतलेल्या बाया, मग विणेकरी, टाळकरी. लोक या फेऱ्यांना बॅटरी वाचवत बसतात. मी म्हणतो याच फेऱ्या आपल्या तालमीच्या. त्याच वाटेवरून, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून माणसं पळतायत, तेवढ्यात झूम किती लागतो ते बघून घ्यायचं, एक्स्पोजर धरायचं, आणि फोकस मॅन्युअलवर टाकून वाटेवरच्या एका जागी पक्का करायचा. ऑटोफोकसवर ठेवलं तर मधे कुणाची पताका फडकली की कॅमेरा पताका पकडायला जातो, परत मागं येतो, परत जातो, आणि एवढ्यात घोडा गेलेला असतो.

दुसरं म्हणजे उभं कुठं राहायचं. घोडा अगदी नाकासमोरून आडवा जातो तिथली जागा सगळ्यांना हवी असते आणि शूटिंगला ती सगळ्यात वाईट. तिथं घोड्याबरोबर कॅमेरा झपकन फिरवावा लागतो, आणि या कॅमेऱ्यांचा सीमॉस सेन्सर चित्र वरून खाली ओळी-ओळीनं वाचतो, त्यामुळं मागचे खांब, झेंडे सगळे तिरके होऊन पळताना दिसतात. त्यापेक्षा गोलाचं असं टोक धरायचं जिथून वळण घेऊन घोडा आपल्याकडं तोंड करून येतो. तो चौकटीत जास्त वेळ टिकतो, कॅमेरा जवळपास स्थिर राहतो, आणि लांबच्या झूममुळं मागची गर्दी दाटीनं त्याच्या पाठीशी येते. सेटिंग ५० पी (सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रं) ठेवायचं, ५० आय (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) नको, नाहीतर कॉम्प्युटरवर बघताना घोड्याच्या पायांना फणीच्या दातांसारख्या रेघा येतात.

हे सगळं मांडून मी तयार होतो आणि मग ते सुरू झालं. दोन घोडे असतात, एकावर जरीपटका घेतलेला स्वार, आणि दुसरा माउलींचा, त्याच्यावर कुणी बसत नाही. कर्नाटकातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून हे अश्व येतात, तिथून आळंदीपर्यंतही ते चालतच आणतात. स्वाराचा घोडा पुढं सुटला, मागून माउलींचा मोकळा घोडा, आणि वळणावर तो आला तेव्हा ती रिकामी पाठ, नुसती झूल आणि वर कुणीच नाही, आणि आजूबाजूचे हजारो लोक त्या रिकाम्या पाठीकडं बघून ‘माउली माउली’ ओरडतायत. मी काही फार देवभोळा नाही. अंगावर काटा आला एवढं खरं. माझा फोकस बरोबर बसला होता आणि मी स्क्रीनकडं बघायचं सोडून थेट घोड्याकडं बघत होतो, हे मला नंतर लक्षात आलं. काठी स्थिर होती म्हणून शॉट वाचला. फेऱ्या संपायच्या आत लोक वाटेवर धावले, टापांखालची माती कपाळाला लावायला, शेजारचा मोबाईलवाला पोरगाही मोबाईल खिशात घालून त्यात गेला. मग फुगड्या, हमामा, उड्या. मी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं होतं, त्यात त्या मागच्या ताई फुगडी घालताना आल्यात, झकास.

आवाजाचं मात्र दुखणं आहे. या लहान हँडीकॅमना बाहेरून माइक जोडायची सोय सहसा नसते, आणि आतला माइक आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतो. पखवाजावर जोरात थाप पडली की तो बाकीचं सगळं दाबतो, मग हळूहळू वर आणतो, परत थाप, परत दाबतो. अभंग लाटांवर बसवल्यासारखा ऐकू येतो. मेन्यूत माइक लेव्हल ‘लो’ केली की बरंच सुधारतं. वाऱ्यासाठी माइकच्या छिद्रांवर पातळ स्पंजचा तुकडा चिकटपट्टीनं लावला होता, दिसायला गचाळ पण माळशिरसकडं वारा काय असतो ते तिथं उभं राहिल्यावर कळतं.

आणि रात्र. राहुटीतलं कीर्तन शूट करताना झूम करायचा मोह होतो, करू नका. भिंग पूर्ण उघडं असतं ते झूम शून्यावर असताना, झूम वाढवला की आत येणारा उजेड कमी होतो आणि चित्रात मुंग्या येतात. उठून पुढं जाऊन बसायचं, बुवांच्या पायाशी. विचारलं तर जागा देतात, वारीत कुणी नाही म्हणत नाही. शटर पन्नासवर, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर, ठेवलं की ट्यूबलाइटची लुकलुकही जाते, आपली वीज ५० हर्ट्झची.

चार्जिंगचे मात्र हाल. जनरेटरवाल्या टेम्पोत वीस रुपयांत मोबाईल चार्ज होतो, कॅमेऱ्याची बॅटरी दिली तर तो चाळीस म्हणाला, कारण काय तर ‘ही मोठी वस्तू आहे’. काडेपेटीएवढी बॅटरी! दिले. माळशिरसहून परत फिरलो, पंढरपूरच्या गर्दीत जायची हिंमत नव्हती आणि कार्डही भरत आलं होतं.

परत आल्यावर काकांचा फोन, व्हिडिओ ग्रुपवर टाका. रिंगणाचा शॉट साधा टाकला तर व्हॉट्सॲपनं त्याचा असा चेंदामेंदा केला की पांढरा घोडा आहे की धुकं कळेना. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसाच्या तसा जातो. पण मग दिंडीतल्या लोकांना तो टीव्हीवर बघायचा होता आणि कॅमेऱ्याची एमटीएस फाइल काहींच्या टीव्हीवर चित्र दाखवते, आवाज नाही, कारण आतला डॉल्बी आवाज त्या टीव्हीला समजत नाही. शिवाय लांबलचक रेकॉर्डिंगचे कार्डवर तुकडे पडलेले, नुसते ओढून घेतले तर जोडाच्या ठिकाणी अभंग अडखळतो, ते कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरनंच उतरवून घ्यावं लागतं. आता सगळं एमपीफोर करून पेनड्राइव्हवर देतोय. टाळकरी आजोबांचा मुक्काम कुठल्या गावी ते काकांना विचारलंय, त्यांना मात्र तो बाभळीखालचा शॉट आधी.