तुम्ही विचारलंत म्हणून: सॅटेलाईटवरून आग दिसते, तरी डोंगर का जळतात?

लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, अगदी लोकलमध्ये शेजारी बसलेल्या काकूंना जरी मी काय काम करते ते सांगितलं तरी पुढचा प्रश्न ठरलेला असतो, अगं आता तर सॅटेलाईटवरून आग दिसते ना, मेसेज पण जातो म्हणे, मग दरवर्षी डोंगर जळतातच कसे? माझं काम वणव्याचा अभ्यास करणारे आणि वणवा विझवणारे यांच्या मधलं, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे पोचवायचं. राहते बोरिवलीला, गच्चीवरून नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो, त्यामुळे हा प्रश्न मलाही रोजचाच आहे. आणि मुंबईत कुठला आलाय वणवा असं कुणी म्हणालं तर डिसेंबर २०१८ आठवा, गोरेगावला आयटी पार्कच्या मागचा डोंगर रात्रभर पेटलेला आणि बंब वर चढू शकत नव्हते.

तर मेसेज जातो हे खरंय. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाने टिपलेल्या आगी राज्यांना कळवते, आता तर बीटवरच्या, म्हणजे जंगलाचा तेवढा तुकडा सांभाळणाऱ्या, वनरक्षकाच्या मोबाईलपर्यंत एसएमएस पोचतो, आणि हे फार मोठं काम आहे. पण उपग्रहावरच्या ज्या व्हिअर्स (VIIRS) नावाच्या सेन्सरवर बरीचशी भिस्त आहे तो आपल्या डोक्यावरून जातो दुपारी दीडच्या आसपास आणि मग थेट रात्री दीडच्या आसपास. त्याचा एक ठिपका ३७५ मीटर बाय ३७५ मीटरचा, म्हणजे जवळपास ३५ एकर, त्यात आग नेमकी कुठल्या ओढ्याच्या कोणत्या बाजूला हे कळत नाही. आता समजा दुपारी तीनला कुणी पेटती विडी गवतात टाकली तर या सेन्सरला ती दिसायला रात्र उजाडणार.

आणि मुंबईत दुपारी वारा फिरतो. शाळेत शिकलो ना आपण, मतलई वारे आणि खारे वारे, तेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो आणि दुपारी समुद्राकडून आत यायला लागतो, म्हणजे सकाळी जी आग पश्चिमेकडे सरकत होती तिची मागची शांत वाटणारी कड दुपारी अचानक पुढची होते, आणि तिथेच माणसं हातात ओल्या फांद्या घेऊन झोडपत उभी असतात. हे आमच्या नकाशात कुठेच नव्हतं.

त्या नकाशाचंच सांगते. मुंबईलगतच्या एका डोंगररांगेचा धोक्याचा नकाशा आम्ही आठ महिने खपून केला, लाल, केशरी, पिवळा. २०२५ च्या मार्चमध्ये मी तो घेऊन एका वनरक्षक दादांकडे गेले. त्यांनी तो गाडीच्या बॉनेटवर पसरला, वर चार दगड ठेवले, आणि लालवर बोट ठेवून म्हणाले, मॅडम हे जानेवारीतच जळून गेलंय, आता इथं जळायला काय उरलंय? मग बोट सरकवलं पिवळ्यावर. इथं कारवी वाळून उभी आहे, माणसाच्या डोक्यावर. आणि पाड्यांची नावं कुठायत यात, अक्षांश-रेखांश सांगून मी कुणाला हाक मारू?

मी बराच वेळ त्या पिवळ्या पट्ट्याकडे बघत होते. कारवी हे डोंगरउतारावरचं झुडूप, आपल्याकडे आठेक वर्षांनी एकदाच फुलतं, २०१६ ला फुललं, मग २०२४ ला, आणि फुलून झालं की आख्खं रान एकदम वाळतं. हे आम्हाला माहीत होतंच की! पण फुलांची बातमी म्हणून माहीत होतं, पुढच्या उन्हाळ्याचं जळण म्हणून कुणी मांडलंच नव्हतं. १९७२ साली रिचर्ड रॉथरमेल यांनी आग किती वेगाने पसरेल याचं गणित दिलं, आजही कितीतरी मॉडेलं त्याच्यावर चालतात, त्याला लागतं काय तर जळण कसलं, किती, किती ओलं, वारा केवढा आणि चढ केवढा. चढ आम्हाला ऑफिसात बसून मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या लोकांचा ठोकताळा आहे की दर १० अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, मी तो दादांना सांगितला तर ते म्हणाले आग खाली असली की आपण वर थांबायचं नाही, एवढंच पोरांना सांगतो. बरोबरच आहे, आणि माझ्या वाक्यापेक्षा कामाचं आहे. पण जळणाचं काय, ते रोज त्या वाटेने चालणाऱ्यालाच माहीत असतं.

म्हणून मला वाटतं की सॅटेलाईट कमी पडत नाही, अभ्यास करणारे आणि आग विझवणारे यांची भेट कमी पडते. अमेरिकेत १९९८ मध्ये यासाठी जॉइंट फायर सायन्स प्रोग्रॅम सुरू झाला, त्यातून पुढे अभ्यासक आणि आग सांभाळणारे यांना एकत्र आणणारी प्रादेशिक केंद्रं उभी राहिली. आपल्याकडे हे अजून बरंचसं कुणाच्या तरी ओळखीवर चालतं. शोधनिबंध इंग्रजीत, छापून येईपर्यंत दोन हंगाम गेलेले, आणि जाळरेषा, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, काढायच्या असतात वणव्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी.

आता नकाशा एका पानाचा आहे, मराठीत, पाड्यांची आणि ओढ्यांची नावं घालून, दुपारी वारा कुठून येणार त्याचा बाण काढून. जळलेला भाग दादा पेनाने खोडतात आणि फोटो पाठवतात.

त्या दिवशी निघताना त्यांनी विचारलेलं, ही वाळकी कारवी किती वर्षं अशी पेटायला तयार राहणार? मला उत्तर येत नव्हतं. मी तो प्रश्न एमएस्सीच्या एका मुलीकडे नेला. ती आता दर महिन्याला त्याच उतारावरून कारवीच्या काटक्या तोडते, घट्ट झाकणाच्या डब्यात भरते, वजन करते, मग ओव्हनमध्ये वाळवून परत वजन करते, काटकीत ओल किती होती ते कळायला. डब्यांवर तारीख आणि पाड्याचं नाव लिहिलेलं असतं, अक्षर दादांचं.