तुम्ही विचारलंत म्हणून : हम्फ्रीपाशीच का थांबता?

भारतातून पाहुणे आले की मी त्यांना हटकून सॉमरसेटमधल्या फ्लीट एअर आर्म म्युझियमला नेतो. ब्रिटनमध्ये बांधलेलं पहिलं कॉन्कॉर्ड तिथे आहे. आत जाऊन बघता येतं. तरी मी रेंगाळतो ते एका बेढब, जुन्या वेसेक्स हेलिकॉप्टरपाशी. मग प्रश्न येतोच, "एवढं काय आहे त्यात?"

त्याचा नंबर एक्सपी १४२, नाव हम्फ्री. वेसेक्सचा जन्म अमेरिकन सिकॉर्स्की एस-५८ मधून झाला. जवळच्याच योव्हिल गावातल्या वेस्टलँड कंपनीनं मूळचं पिस्टन इंजिन काढून नेपियर गझेल टर्बाइन बसवलं आणि १९६१ पासून ब्रिटिश नौदल पाणबुड्या शोधायला ही हेलिकॉप्टरं वापरू लागलं. इंजिन नाकात, चालक त्याच्या वरच्या मजल्यावर. जवळ जाऊन बघा, नाकाच्या दोन्ही बाजूंना धुराड्याची दोन-दोन तोंडं दिसतील. हम्फ्री तिसऱ्या मार्कचं, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीचं, म्हणून रोटरच्या मागे पाठीवर रडारचं मोठं कुबड आहे. त्यामुळे नौदलात या मार्कला 'कॅमल' म्हणत. १९८२ पर्यंत सी किंग आणि लिंक्स ही नवी हेलिकॉप्टरं आली होती, आणि कॅमलचे दिवस भरत आले होते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अर्जेंटिनानं दक्षिण अटलांटिकमधली फॉकलंड आणि साउथ जॉर्जिया ही ब्रिटनच्या ताब्यातली बेटं घेतली. आपल्याकडे हे युद्ध माहीत आहे ते बहुधा 'विराट'मुळे. तेव्हा ती 'हर्मीस' होती आणि ब्रिटिश ताफ्याचं प्रमुख जहाज होती. हम्फ्री मात्र 'अँट्रिम' या विनाशिकेवर होतं आणि ती साउथ जॉर्जियाच्या मोहिमेवर निघाली होती.

२१ एप्रिलला एसएएस या ब्रिटिश कमांडो दलाच्या तुकडीला तिथल्या फॉर्च्युना हिमनदीवर उतरवायचं ठरलं. तिथून चालत जाऊन शत्रूवर नजर ठेवायची होती. तो भाग माहीत असलेल्यांनी नको म्हणून सांगितलं होतं, तरी बेत ठरला. हवामानामुळे आधी परत फिरावं लागलं, मग कसंबसं उतरवलं. रात्रभर वादळानं त्यांना झोडपून काढलं आणि सकाळी बिनतारी संदेश आला : आम्हाला न्या, नाहीतर माणसं गारठून मरतील.

२२ तारखेला तीन वेसेक्स गेली. पुढे हम्फ्री, मागे 'टाइडस्प्रिंग' जहाजावरची मार्क पाचची दोन. ती दोन्ही हेलिकॉप्टरं सैनिकांची ने-आण करायची, त्यांच्यावर रडार नव्हतं. हम्फ्रीवर होतं, शिवाय कमी दिसत असताना स्थिर उडवणारी यंत्रणाही होती. म्हणून वाट दाखवायचं काम त्याचं. सैनिकांना घेऊन पहिलं मार्क पाच उडालं आणि बर्फाच्या झोतात समोरचं सगळं पांढरं झालं. वर-खाली काही कळेना. ते आडवं पडलं. त्यातली माणसं उरलेल्या दोघांत वाटून घेतली. हम्फ्रीच्या मागोमाग निघालेलं दुसरंही थोड्याच वेळात एका कड्यावर आदळलं.

हम्फ्री आधीच भरलेलं. थांबणं शक्यच नव्हतं. चालक इयन स्टॅन्ली यांनी माणसं जहाजावर पोचवली आणि ते परत गेले. सगळे जिवंत आहेत हे रेडिओवर कळलं, पण उतरता येईना. पुन्हा माघार. मग दिवस कलताना ढगांत जरा फट मिळाली तसे ते उतरले आणि उरलेले सगळेच्या सगळे आत घेतले. चालकदल धरून पंधराहून जास्त माणसं, आणि इंजिन एकच! एवढ्या वजनानं डेकवर तरंगत थांबणंही अवघड, म्हणून त्यांनी ते सरळ डेकवर टेकवलं. एकही माणूस दगावला नाही.

स्टॅन्लींना डीएसओ हे लष्करी पदक मिळालं आणि ते योग्यच झालं. पण मी त्या कुबडाकडे बघत बसतो, कारण मला आठवतो मागच्या केबिनमध्ये रडारसमोर बसलेला निरीक्षक. ख्रिस पॅरी. समोर पांढरंफटक असताना चालकाचे डोळे म्हणजे मागचा हा माणूस. डोंगर कुठे, समुद्र कुठे, जहाज कुठे, हे पडद्यावरच्या ठिपक्यांवरून तो सांगणार आणि पुढचा त्याच्या शब्दावर हेलिकॉप्टर वळवणार. हिमतीचं कौतुक करताना आपण पुढच्या खिडकीतलाच चेहरा बघतो, हे मला खटकतं.

तीनच दिवसांनी, २५ एप्रिलला, त्याच रडारवर साउथ जॉर्जियातल्या ग्रिटविकेनजवळ अर्जेंटिनाची 'सांता फे' पाणबुडी सापडली. पाण्याच्या वर होती. हम्फ्रीनं दोन डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले. पाणबुडी अशी जखमी झाली की तिला बुडी मारता येईना. मग लिंक्स आणि वास्प हेलिकॉप्टरांनी तिला गाठलं आणि ती कशीबशी किनाऱ्याला लागली. ज्या कामासाठी कॅमल घडवलं, ते त्याला निवृत्तीच्या तोंडावर मिळालं.

२१ मे रोजी फॉकलंडमधल्या सॅन कार्लोसच्या खाडीत 'अँट्रिम'वर पडलेला बॉम्ब फुटला नाही, पण त्या दिवशीच्या हल्ल्यात हम्फ्रीच्या अंगाला भोकं पडली.

तेव्हा माझं उत्तर एवढंच : कॉन्कॉर्ड बघून या, जरूर बघा. पण परत येताना हम्फ्रीच्या केबिनच्या दाराशी या, चालकाच्या खिडकीशी नको. तिथे उभं राहिलात की आतल्या माणसाला बाहेरचं किती थोडं दिसत असेल ते लक्षात येईल.